गोसीखुर्द : धरण भरले, पण हिशेब बाकी आहे

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी दिली. गोसीखुर्द धरणातून निघणारा सुमारे ४२७ किलोमीटरचा जोडकालवा, नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा हे सहा जिल्हे, ३ लाख ७१ हजार २७७ हेक्टर सिंचन आणि ८७ हजार कोटींहून अधिक खर्च, असा हा आराखडा आहे. पश्चिम विदर्भातील कोरडवाहू कापूस-सोयाबीन उत्पादकाला पाण्याची किती गरज आहे, हे वेगळे सांगायला नको.

पण ज्या धरणातून हे पाणी उचलायचे, त्या धरणाखालचे धान उत्पादक मात्र वेगळाच प्रश्न विचारतात. पवनी, ब्रह्मपुरी, सावली या भागात कार्यक्रमाला गेलो की तो हमखास कानावर येतो : "साहेब, धरण तर दरवर्षी भरते. मग आमच्या बांधीत पाणी कधी येणार?" आणि धरणाच्या वरच्या बाजूला, कुही तालुक्यातील पुनर्वसित गावठाणात गेलो, तर प्रश्न असतो : "आमची जमीन गेली ती गेली, पण त्या बदल्यात ठरले होते ते कुठे आहे?"

धरण चांगले की वाईट, असा वाद घालण्यासाठी हा लेख नाही. धरणाचा लाभ एका गावात पडतो आणि त्याची किंमत दुसऱ्या गावात मोजली जाते, म्हणून दोन्ही एकाच वहीत लिहिल्याशिवाय हिशेब कळत नाही. गोसीखुर्दची ती वही उघडून पाहू. त्यातून आपल्या शेतासाठी आज काय करता येईल, तेही शेवटी दिले आहे.

प्रकल्प थोडक्यात

- नदी व ठिकाण : वैनगंगा; भंडारा जिल्हा, पवनी तालुका. अधिकृत नाव इंदिरा सागर.
- भूमिपूजन : २२ एप्रिल १९८८, तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा.
- पूर्ण संचय पातळी : २४५.५ मीटर.
- साठा : एकूण १,१४६ दशलक्ष घनमीटर, त्यातील उपयुक्त साठा ७४० दशलक्ष घनमीटर.
- सिंचनाचे उद्दिष्ट : भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत मिळून २ लाख ५० हजार ८०० हेक्टर.
- कालवे व उपसा : आसोलामेंढा तलावापर्यंत जाणारा सुमारे २३ किलोमीटरचा डावा कालवा, ९९ किलोमीटरचा उजवा कालवा, टेकेपार, आंभोरा, नेरला आणि मोखाबर्डी या उपसा योजना.
- वीज : धरणाच्या पायथ्याशी २४ मेगावॅटचे छोटे जलविद्युत केंद्र.
- खर्च : मूळ मान्यता ३७२ कोटी रुपयांची. २०२५ च्या सुधारित मान्यतेत हा आकडा जवळपास २६ हजार कोटींवर गेला.

भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेला मुलगा आज स्वतः शेती सांभाळतो आहे. त्याच्या आयुष्याइतका काळ गेला, तरी वितरिका आणि पाटचाऱ्यांची कामे सुरूच आहेत. मधल्या काळात कालव्याच्या अस्तरीकरणाच्या दर्जावरून चौकशा झाल्या, काही ठिकाणी केलेले काम उखडून पुन्हा करावे लागले. उशिराचा फटका दोघांना बसला. ज्याला पाणी मिळायचे होते त्याला ते मिळाले नाही, आणि ज्याची जमीन गेली त्याने ती कशासाठी दिली हेच त्याला दिसले नाही.

पाण्याचे साधे गणित

"धरण शंभर टक्के भरले" ही बातमी वाचताना एक आकडेमोड करून पाहा. उपयुक्त साठा ७४० दशलक्ष घनमीटर. तो २ लाख ५० हजार ८०० हेक्टरवर सारखा वाटला, तर दर हेक्टरी सुमारे २,९५० घनमीटर पाणी येते. म्हणजे शेतात साधारण ३० सेंटिमीटर उंचीचे पाणी, तेही कालव्यात एक थेंब वाया न जाता. प्रत्यक्षात कालवा, वितरिका आणि चारीत मोठी गळती होते.

खरिपातील धानाला संरक्षित सिंचनासाठी हे पाणी मोलाचे आहे. रोवणी लांबली किंवा पोटरीत पावसाने ताण दिला, तर एक-दोन पाळ्या पीक वाचवतात. शिवाय पावसाळ्यात नदी वाहती असते, त्यामुळे साठ्याव्यतिरिक्तही पाणी कालव्यात सोडता येते. पण उन्हाळी धानाला एक मीटरहून अधिक पाणी लागते. तेव्हा संपूर्ण लाभक्षेत्रात उन्हाळी धान, हे या धरणाच्या पाण्यात बसणारे गणित नाही. कालव्याच्या मुखाजवळच्या शेतकऱ्याने उन्हाळी धान घेतले, की टोकाच्या शेतकऱ्याचा हरभराही कोरडा राहतो.

आता नदीजोडचे गणित पाहा. आराखड्यानुसार गोसीखुर्दमधून वर्षाला १,७७२ दशलक्ष घनमीटर पाणी वळवायचे आहे. हे पाणी धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या जवळजवळ अडीच पट आहे. म्हणजे ते मुख्यतः पावसाळ्यातील वाहत्या पाण्यातूनच उचलावे लागेल. १२० दिवसांत उचलायचे म्हटले, तर दररोज सुमारे १५ दशलक्ष घनमीटर. चांगल्या पावसाच्या वर्षी वैनगंगेतून याहून कितीतरी जास्त पाणी वाहून जाते, त्यामुळे कल्पना अशक्य नाही. प्रश्न कमी पावसाच्या वर्षाचा आहे. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, धानाला पाळी हवी आहे आणि त्याच वेळी जोडकालव्यालाही पाणी हवे आहे, तेव्हा आधी कोणाला? हा क्रम प्रकल्प सुरू होण्यापूर्वी कागदावर यायला हवा.

तोतलाडोहने शिकवलेला धडा

हा क्रम ठरलेला नसेल तर काय होते, हे नागपूर जिल्ह्याने अनुभवले आहे. पेंच नदीवरील तोतलाडोह हा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा संयुक्त जलविद्युत प्रकल्प. क्षमता १६० मेगावॅट. तयार होणाऱ्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा दोन तृतीयांश आणि महाराष्ट्राचा एक तृतीयांश. वीज तयार करून खाली सुटलेले पाणी नवेगाव खैरी येथे अडवले जाते. तिथून नागपूर शहर, औष्णिक वीज केंद्रे आणि पारशिवनी, रामटेक, मौदा भागातील धान, असे तीन वाटेकरी आहेत.

जलविद्युत पाणी "वापरत" नाही, टर्बाइन फिरवून परत सोडते, असे म्हणतात. ते खरे आहे, पण अर्धेच. पाणी किती सोडायचे यापेक्षा केव्हा सोडायचे, हे शेतीसाठी जास्त महत्त्वाचे असते. विजेची मागणी आणि धानाची गरज एकाच दिवशी येईलच असे नाही. कोयनेत तर विजेसाठी वापरलेले बहुतेक पाणी परत कृष्णेत येत नाही, ते सह्याद्री ओलांडून कोकणात उतरते. विजेसाठी जमीन देण्याविरुद्ध महाराष्ट्रात पहिला मोठा लढा १९२१ मध्ये मुळशीत झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. शंभर वर्षे उलटून गेली, तरी प्रश्नाचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाले आणि तोतलाडोहात येणारे पाणी घटले. २०१९ मध्ये पाऊस लांबला. जुलैमध्ये नागपूर शहरावर एक दिवसाआड पाणी घेण्याची वेळ आली. शहराच्या नळाची बातमी झाली, पेंचच्या कालव्याची झाली नाही. टंचाईत पिण्याचे पाणी आधी, हे योग्यच आहे. पण टंचाईचा सगळा भार शेवटच्या वाटेकऱ्यावर, म्हणजे धानाच्या बांधीवर पडतो. वैनगंगेचेही असेच आहे. ती मध्य प्रदेशातून येते आणि वरच्या संजय सरोवराचे पाणी केव्हा सुटणार, यावर खालचे बरेच काही अवलंबून असते.

बुडालेल्या जमिनीचा हिशेब

गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात पवनी, भंडारा, कुही आणि भिवापूर तालुक्यांतील गावे येतात. ही नदीकाठची काळी कन्हार जमीन होती. धान, गहू, हरभरा, लाखोळी, जवस, आणि कुही-भिवापूरकडे मिरची. भिवापुरी मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे. अशी जमीन एकदा पाण्याखाली गेली की तिची बदली पैशाने होत नाही, कारण तेवढ्या पैशात तसल्या प्रतीची जमीन शेजारच्या तालुक्यातही मिळत नाही.

सुरुवातीचे भूसंपादन १८९४ च्या कायद्याने झाले. मोबदला तेव्हाच्या खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून ठरला. बाधित कुटुंबे वर्षानुवर्षे आंदोलने करत राहिली. शेवटी २०१३ मध्ये राज्य सरकारने ११९९ कोटी ६० लाख रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर केले. त्याने अनेकांना आधार मिळाला. पण एकरकमी पैसा आणि दरवर्षी पिकणारी जमीन यांत फरक आहे. पैसा घर, लग्न, आजारपण आणि जुन्या कर्जात जातो. जमीन पुढच्या पिढीला मिळते.

मोबदल्याच्या यादीत सातबारावर नाव असलेल्यांचाच विचार आधी होतो. बटईने शेती करणारा, शेतमजूर, गावच्या गुरांचा गुराखी, नदीवर जगणारी ढीवर कुटुंबे, मोहफुले वेचणाऱ्या बाया यांचा रोजगार गेला, पण त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची हेच ठरलेले नव्हते. घरात सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर, म्हणून पैसाही त्याच्याच हातात. विस्थापनानंतर पाणी, सरपण आणि मजुरी शोधण्याचा भार मात्र बाईवर.

पुनर्वसित गावठाणात १८ नागरी सुविधा देणे बंधनकारक आहे : पिण्याचे पाणी, शाळा, रस्ते, गटारे, समाजमंदिर, स्मशानभूमी वगैरे. कागदावर सुविधा दिली आणि ती चालते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेती करणाऱ्या गावासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे गुरांना चरायला जागा. नव्या गावठाणात प्लॉट मिळतो, पण खळे, गोठा, शेणखताचा खड्डा आणि चराई एकत्र कुठेच मिळत नाही. मग गुरे विकली जातात. गुरे गेली की शेणखत गेले, आणि उरलेल्या दोन-तीन एकर शेतीचा खर्चही वाढला.

जलाशयाची पातळी वाढली की संपादित न झालेल्या काठच्या शेतात पाणी शिरते किंवा जमीन दलदलीसारखी राहते, अशाही तक्रारी होतात. कुठे शेत कोरडे राहते पण तिथे जाणारा पांदण रस्ताच बुडतो. अशा जमिनीचा पंचनामा वेळच्या वेळी होणे फार महत्त्वाचे आहे.

नागपूरचे सांडपाणी, गोसीखुर्दचे पाणी

या धरणाचा एक परिणाम इतर धरणांपेक्षा वेगळा आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग आणि पिवळी नद्यांतून कन्हानला मिळते. कन्हान आंभोरा येथे वैनगंगेला मिळते. हे सगळे पाणी पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. पूर्वी ते पुरात वाहून जायचे. आता ते थांबते, गाळ खाली बसतो, पोषक द्रव्ये साठतात आणि जलपर्णी माजते. धरणाने प्रदूषण निर्माण केले नाही, पण शहराने सोडलेले प्रदूषण एका जागी गोळा केले. पवनीसारख्या काठच्या गावांना त्याचा वास आणि त्वचेची खाज सहन करावी लागते.

यावर काम सुरूच नाही असे नाही. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांना दिले जाते. त्यामुळे तेवढे पेंचचे गोडे पाणी वाचते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. पण हे काम पूर्ण होण्याआधीच गोसीखुर्दचे पाणी आणखी सहा जिल्ह्यांत नेले, तर प्रदूषणही त्याच कालव्याने प्रवास करेल. म्हणून शहराचे सांडपाणी हा शहराचा प्रश्न राहिलेला नाही. तो सिंचनाचा प्रश्न झाला आहे.

नदी, मासे आणि जंगल

नदी अडली की तिच्यावर जगणाऱ्यांचा दिनक्रम बदलतो. वैनगंगेच्या वाळूत उन्हाळ्यात डांगरवाड्या लागत. जमीन नसलेली कुटुंबे टरबूज, डांगर, काकडी पिकवत. जलाशयात ती वाळू बुडाली. धरणाखाली पाणी कधी सोडले जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे वाडी लावण्याची जोखीम वाढली. प्रवाहाच्या उलट दिशेने पोहत जाऊन अंडी घालणाऱ्या माशांची वाट बंद होते. जलाशयात मत्स्यबीज सोडून उत्पादन वाढवता येते, पण मासेमारीचा ठेका बाहेरच्याला गेला, तर नदीवर पिढ्यान् पिढ्या जगलेला ढीवर तिथे मजूर होतो.

जंगलावरचा परिणाम फक्त बुडालेल्या झाडांपुरता नाही. ताडोबा, ब्रह्मपुरी आणि उमरेड-कऱ्हांडला या पट्ट्यात वाघांचे येणे-जाणे आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले. उजव्या कालव्यासारखा रुंद, खोल आणि गुळगुळीत काँक्रीटचा कालवा या वाटा तोडतो. त्यात पडलेले जनावर, मग ते रानडुक्कर असो की आपली गाय, वर चढू शकत नाही. कालव्यावर पुरेसे रुंद पूल आणि उतरत्या पायऱ्या असतील तर हा धोका कमी होतो. वाट बंद झाली की वन्यप्राणी शेताकडे वळतात, हे या भागातल्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही.

धरण असूनही पूर

२९ ते ३१ ऑगस्ट २०२० हे तीन दिवस वैनगंगेचा काठ विसरणार नाही. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला, भंडारा शहरात पाणी शिरले आणि गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. खाली पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, सावली, देसाईगंज भागात उभे धान दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले.

धरणामुळे पूर आला, असे म्हणणे घाईचे ठरेल. पण सिंचनासाठी धरण भरलेले हवे, वीजनिर्मितीसाठीही भरलेले हवे, आणि पूर अडवायचा तर मात्र त्यात मोकळी जागा हवी. एकच धरण या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी करू शकत नाही. ऑगस्टच्या शेवटी धरण किती भरलेले ठेवायचे आणि वरच्या राज्याकडून विसर्गाची सूचना किती तास आधी मिळायची, हे दोन निर्णय खालच्या हजारो हेक्टर धानाचे भवितव्य ठरवतात.

पाणी आले, तरी जमीन सांभाळावी लागते

जिथे कालवा पोहोचला, तिथे फायदा दिसतो. रोवणी वेळेत होते, रब्बीत हरभरा-गहू वाढतो, विहिरींना पाणी टिकते. पण कालव्याच्या लगतच्या काळ्या कन्हार जमिनीत पाझराने पाण्याची पातळी वर येते. खरिपात धान आणि उन्हाळ्यात पुन्हा धान घेतले, तर जमिनीला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. हळूहळू क्षार वर येतात, जस्ताची कमतरता दिसू लागते, तुडतुडे आणि खोडकिडीला वर्षभर आसरा मिळतो. पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात कालव्याच्या पाण्याने हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली. ती चूक इथे नव्याने करण्याचे कारण नाही.

शेतकरी आणि कृषी सहायकांनी काय करावे

*लाभक्षेत्रात*

१. पाणी तपासा. कालव्याचे किंवा उपशाचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि एप्रिलमध्ये तपासून घ्या. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून वाहत्या पाण्यातून नमुना घ्या. क्षारता ०.७५ डेसीसायमनपर्यंत असेल तर बहुतेक पिकांना अडचण नाही. ती २.२५ च्या वर गेली, तर ते पाणी नेहमीच्या सिंचनाला वापरू नका. शिल्लक सोडियम कार्बोनेट १.२५ पर्यंत सुरक्षित, २.५ च्या वर अयोग्य.

२. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात खताचा हिशेब बदला. पाण्यात दर लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असेल, तर १० सेंटिमीटरच्या एका पाळीतून हेक्टरी सुमारे १० किलो नत्र जमिनीत जाते. त्यावर नेहमीइतकाच युरिया टाकला तर धान लोळते, करपा आणि तुडतुडे वाढतात. तपासणी अहवाल पाहून युरियाची मात्रा कमी करा.

३. असे पाणी कोथिंबीर, पालक, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नका. बांधीत उतरताना गमबूट वापरा. हातापायावर जखम असेल तर पाण्यात काम टाळा.

४. धानानंतर हरभरा, जवस किंवा लाखोळी घ्या. उन्हाळी धान सलग दरवर्षी नको. शेताच्या खालच्या बाजूला निचऱ्याचा चर मोकळा ठेवा. दर तीन वर्षांनी माती परीक्षण करा.

५. पाणी वापर संस्था केवळ कागदावर नको. २००५ च्या कायद्याने संस्थेला पाण्याचा कोटा मोजून घेण्याचा अधिकार आहे. टोकाच्या शेतकऱ्याला आधी पाणी, हा नियम संस्थेतच ठरवता येतो. वैयक्तिक मागणी असेल तर नमुना ७ चा अर्ज वेळेत भरून पोच घ्या. मागणीची नोंद नसेल, तर पाणी न मिळाल्याची तक्रारही टिकत नाही.

६. मामा तलाव सोडू नका. कालवा येणार म्हणून जुन्या मालगुजारी तलावांची पाळ आणि पाट दुरुस्त करणे थांबवू नका. कालवा बंद पडेल त्या वर्षी तोच तलाव पीक वाचवेल.

*पूरप्रवण काठावर*

७. दरवर्षी पाणी साचणाऱ्या बांध्यांत "स्वर्णा सब-१" सारखे बुडून राहणे सहन करणारे वाण घ्या. रोवणी नीट लागल्यावर ते साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. पूर ओसरल्यावर लगेच युरिया टाकू नका. रोपाला नवी पाने फुटू द्या.

८. नुकसान झाले की त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी कळवा. विम्याच्या अटी हंगामाच्या सुरुवातीलाच वाचून ठेवा.

*बुडीत क्षेत्र आणि पुनर्वसित गावांत*

९. जलाशय उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन भाडेपट्ट्याने मिळते आणि तिच्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य आहे. अर्ज वेळेत करा. या जमिनीत हरभरा, मसूर, लाखोळी यांसारखी कमी मुदतीची पिके घ्या. ओल असतेच, रासायनिक खत आणि तणनाशक टाळा, कारण ते सरळ जलाशयात जाते.

१०. प्रकल्पग्रस्त दाखला जपून ठेवा. शासकीय नोकरीतील ५ टक्के समांतर आरक्षण या दाखल्यावर मिळते. कुटुंबात तो कोणाच्या नावे करायचा, याचा निर्णय मुलींचाही विचार करून घ्या.

११. कृषी सहायकांनी पुनर्वसित गावांचे वेगळे टिपण करावे : किती कुटुंबांकडे जमीन उरली, किती गुरे, चराई कुठे, कोण बटईने करते. योजना जुन्या गावाच्या नावावर येतात आणि नव्या गावठाणापर्यंत पोहोचत नाहीत, हे अनेकदा घडते.

नव्या कालव्याआधी चार गोष्टी

जागतिक धरण आयोगाने २००० मध्ये दिलेल्या अहवालाचे सार असे होते की धरणांनी विकासाला हातभार लावला, पण त्याची किंमत बऱ्याचदा विस्थापितांनी आणि नदीच्या खालच्या लोकांनी मोजली, आणि ती टाळता आली असती. गोसीखुर्दकडे पाहताना यातले "टाळता आली असती" हे महत्त्वाचे आहे. वैनगंगा–नळगंगेच्या बाबतीत ती अजूनही टाळता येईल. त्यासाठी ग्रामसभा, पाणी वापर संस्था आणि शेतकरी गटांनी चार मागण्या लेखी कराव्यात :

- गोसीखुर्दच्या मूळ लाभक्षेत्रातील वितरिका आणि पाटचाऱ्या पूर्ण होण्याची तारीख तालुकानिहाय जाहीर करावी.
- कमी पावसाच्या वर्षी कोणाला किती पाणी, याचा क्रम आधीच ठरवून प्रसिद्ध करावा.
- नाग नदीचे शुद्धीकरण आणि जलाशयातील पाण्याची नियमित तपासणी ही जोडकालव्याची अट असावी. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीत लावावा.
- जुन्या प्रकल्पग्रस्तांची प्रलंबित प्रकरणे निकाली काढावीत आणि नव्या भूसंपादनात सातबारा नसलेल्यांचाही रोजगार मोजावा.

या मागण्या प्रकल्पाच्या विरोधात नाहीत. बुलढाण्याच्या शेतकऱ्याला पाणी मिळावे, हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्यालाही मान्य आहे. पण ज्याने शेत दिले त्याच्या घरात चूल नीट पेटत नसेल, आणि धरणाच्या भिंतीपासून काही किलोमीटरवरची बांधी कोरडी असेल, तर तेच दुखणे ४२७ किलोमीटर लांब होईल. धरण भरल्याची बातमी दरवर्षी येते. टोकाच्या बांधीत पाणी पोहोचल्याची आणि शेवटच्या प्रकल्पग्रस्ताचे प्रकरण बंद झाल्याची बातमी ज्या वर्षी येईल, त्या वर्षी गोसीखुर्द पूर्ण झाले असे म्हणता येईल.